मागच्या दारचा मांडव

टेलिफोनमावशी लग्न करतायत, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा फुटली ती इस्त्रीवाल्याच्या टेबलावर. एका सदऱ्याची बाही उलटवता उलटवता, मान वर न करता तो कुजबुजला की मावशींच्या मागच्या दारी मांडव सजलाय, नवरा ठरलाय, तो दुसरातिसरा कुणी नसून घड्याळजी आहेत, आणि कार्य कुणालाही न बोलावता गुपचूप उरकायचं आहे. एवढं बोलून त्यानं बाहीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री टेकवली. चर्र आवाज झाला आणि बातमी जणू पक्की झाली.

हा इस्त्रीवाला कपड्यांना खळ जरा हात राखूनच घालायचा, बातमीला मात्र भरपूर. तरी ही बातमी सोडून देण्यासारखी नव्हती, कारण त्याचं दुकान मावशींच्या मागच्या भिंतीला टेकलेलं. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला तर अख्खा माणूस होता. शिवाय मावशींची साठी उलटलेली, घड्याळजी त्याहून चार पावलं पुढेच. असला ऐवज रोज हाती लागत नाही. संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीनं वाट वाकडी करून मावशींच्या दारावरून एक फेरी मारली. कुणीतरी म्हणालं, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यावर दुसरी म्हणाली, गुडघेच दुखतात हो त्यांचे, बाशिंग कुठं बांधतील? आमच्या घरच्या बाईसाहेबांनी मला बजावलं की तुम्ही यात तोंड घालायचं नाही. मी तोंड घातलं नाही. कान उघडे ठेवायला काही बंदी नव्हती.

पण नवऱ्याकडे वळण्याआधी नवरीची ओळख करून द्यायला हवी.

मावशींनी सगळी हयात टेलिफोनच्या ऑफिसात काढली. दूरगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवून तास न् तास वाट बघावी लागे, त्या काळातली ती नोकरी. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, हातात दोऱ्या. या भोकातून निघालेली दोरी त्या भोकात खुपसली की दोन माणसं बोलू लागायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, कुणाचं भावाभावांचं भांडण, सगळं मावशींच्या बोटांतून जायचं. त्या मध्ये बसून फक्त "बोला" एवढंच म्हणायच्या. इतकी गुपितं कानावरून गेलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्यातलं एक अवाक्षर बाहेर न काढणारीही दुसरी पाहिली नाही. माझ्यासारख्याला विचाराल तर, देवानं दात दिले आणि चणेही दिले, पण बाईनं खाल्ले नाहीत.

त्या नोकरीनं त्यांना दोन सवयी लावल्या. समोरच्यानं जे सांगितलं ते पुन्हा म्हणून पक्कं करून घ्यायचं. तुम्ही म्हणालात, उद्या येतो, की त्या म्हणणार, "उद्या. बरोबर?" आणि दुसरी, खराब लाइनवर बोलावं तसा प्रत्येक शब्द सुटा आणि खणखणीत टाकायचा. मावशींना कुजबुजता यायचंच नाही. त्यांनी परसात काढलेला शब्द भिंतीपलीकडे थेट इस्त्रीखाली जाऊन पडायचा. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

त्यांचे यजमान बसच्या डेपोत होते. आम्ही त्यांना मेकॅनिक म्हणायचो, मावशी नुसतं "हे". ठेंगणा, गोल पोटाचा माणूस. मान कुठं संपते आणि खांदे कुठं सुरू होतात, ते शोधावं लागायचं. घर दोनच खोल्यांचं, पण पुढे अंगण आणि मागे परस. नवरा-बायकोनं त्याची सरळ वाटणी केलेली. पुढचं अंगण मावशींचं, तिथं गुलाब, शेवंती, झेंडू, कुंपणाला कर्दळ, पायरीच्या दोन्ही अंगांना सदाफुलीच्या कुंड्या. मागचं परस मेकॅनिकचं, तिथं टोमॅटो, मिरच्या, वांगी, घेवडा, पालकाचे वाफे, आणि मधोमध दुधीचा मांडव. हा मांडव म्हणजे त्यांचा खास कारभार होता. भंगारात निघालेल्या बसच्या दांड्या त्याचे खांब, वर कंडक्टरच्या घंटेची दोरी उभी-आडवी ताणलेली. त्यावर वेल चढला आणि दुधी लोंबायला लागले की मेकॅनिक पाहुण्यांना म्हणायचे, "बसायला जागा नाही, उभ्यानं चाललेत बिचारे."

वाटणी झाली म्हणून वाद मिटले नव्हते. मेकॅनिक विचारायचे, फुलं काय चाटायची आहेत? मावशी म्हणायच्या, तुमच्या दुधीला रस्त्यावरच्या कुणी कधी वळून बघितलंय का? एकानं दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही, हा नियम मात्र दोघांनी पाळला. मावशी दुधी चिरायच्या, शिजवायच्या, पण तो वेलावर कसा धरतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मेकॅनिक गुलाबाजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जायचे, एखाद्या ऑफिसात साहेबाच्या टेबलाजवळून जावं तसे.

त्यांच्या दुधीची जात निराळी होती. बाजारात मिळतो तसा लांब नाही. बुटका, खाली गरगरीत, वर मान अशी नाहीच. मेकॅनिक आणि त्यांचा दुधी शेजारी शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत, असं आम्ही म्हणायचो, आणि मेकॅनिक पोटावर हात फिरवून मान्य करायचे. बी त्यांच्या आईचं. दरवर्षी वेलाच्या मधला एक दुधी तोडायचा नाही, तो वेलावरच वाळून खडखडीत होऊ द्यायचा, फोडून बी डब्यात भरायचं, पुढच्या पावसाच्या तोंडाला तेच लावायचं. आईकडून मुलाकडे आलेली ती लाइन कधी तुटली नव्हती.

मग एका थंडीत, टोमॅटो ऐन भरात असताना, मेकॅनिक गेले. डेपोत जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी मान टाकली. मागं राहिल्या मावशी आणि त्यांनी कधी हात न लावलेलं ते परस.

आधी त्यांनी मागचं दार लावूनच घेतलं होतं. टोमॅटो पिकून गळले, सडले. घेवडा वाळून शेंगा तडकल्या. उन्हाळा निम्मा सरला तसा एक दिवस दार उघडलं आणि मावशी खुरपं घेऊन खाली बसल्या. मी कुंपणावरून विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, "ह्यांचा दुधी माझ्या हातानं संपायला नको. बाकीचं गेलं तर गेलं."

तिथून पुढे त्या शिकत गेल्या, आणि शिकताना काय काय झालं ते विचारू नका. फुलझाडांची बाई ती, वांग्याची रोपं उंचीप्रमाणे लावली, पुढे ठेंगणी, मागे उंच, जणू शाळेचा फोटो काढायचाय. मिरचीला गुलाबाइतकं पाणी पाजलं, मिरची पिवळी पडून बसली. पालकाला तुरा आला तो छान दिसतो म्हणून तोडलाच नाही. पण चुकीतून शहाणपण येतं, ते त्यांच्याकडे भरभर आलं. पावसाच्या तोंडी मांडवाखाली खोल आळं करून त्यात पालापाचोळा आणि शेणखत कुजवायचं, दुधीचं बी टोक खाली करून खोचायचं. पाऊस लागला की रोज सकाळी पानांखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पाऊस ओसरला की टोमॅटोला काठ्या, घेवड्याला सुतळी, पुढच्या अंगणात झेंडूची रोपं. थंडीत गुलाबाची छाटणी आणि शेवंतीचा बहर. उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणी बादलीत धरून कडेकडेनं झाडांना घालायचं, वाफ्यांवर जुन्या चादरींची सावली ताणायची, आणि पुन्हा आळं खणायला घ्यायचं. वर्ष असं गोल फिरून मांडवापाशी यायचं. हळूहळू वाटणीही मोडली. मागं मिरच्यांच्या ओळीत झेंडू उगवला, पुढं गुलाबाच्या पायाशी कोथिंबीर. मावशी म्हणायच्या, आता भांडायला कोण आहे, राहू दे एकत्र.

दुधी मात्र दरवर्षी धरला. दरवर्षी मधला एक राखला, बी डब्यात गेलं. मग आलं ते मोतीबिंदूचं ऑपरेशन.

डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मदतीला मेकॅनिकची धाकटी बहीण येऊन राहिली. नणंद मोठी मायेची, कामाला वाघीण. मावशींनी ऑपरेशनला जाण्याआधी बियाण्याच्या दुधीला खूण करून ठेवली होती, टेलिफोनच्या वायरीचा लाल तुकडा देठाला बांधून. त्यांच्या फळ्यावर लाल दिवा म्हणजे लाइन बिझी, हात लावायचा नाही. पण नणंदेचा हिशेब वेगळा. तिचं लग्न व्हायच्या आधी भावाचं घर तीच बघायची, आणि भाऊ सकाळी डेपोत जाताना आज कोणता दुधी तोडायचा त्याला लाल चिंधी बांधून जायचा, कारण डेपोत लाल खूण केली की तो पार्ट काढायचा, असा कायदा. भावाच्या परसात लाल खूण दिसली, तिनं भावाचा कायदा पाळला.

त्या दुपारी मावशी डोळ्याला पट्टी बांधूनच जेवल्या आणि म्हणाल्या, "भाजी छान झालीय. कोवळा होता. कुठला गं?"

"मांडवावरचा, वहिनी. तुम्ही लाल बांधून ठेवला होता ना, तोच."

मावशींनी हातातला घास ताटात ठेवला. मग पुन्हा उचलला आणि खाल्ला. नणंदेला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तिला आजतागायत ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण मला सगळंच ठाऊक असतं, म्हणून तर मावशी मला वार्ताहर म्हणतात.

वेल संपत आलेला, दुसरा दुधी धरला नाही. डब्याच्या तळाशी कधीची जुनी बियाणी चिकटून राहिली होती, तेवढीच काय ती आशा. मावशींनी ती पाण्यात भिजवली, ओल्या फडक्यात बांधून उशाशी ठेवली. बहुतेक कुजली. एकच उगवलं. तेच रोप आळ्यात गेलं, आणि त्या पावसाळ्यात मावशी कुठंही पाहुण्या गेल्या नाहीत. भाचीचं बारसं त्यांनी वेलापायी चुकवलं, हे त्यांच्या माहेरी अजून निघतं.

वेल चढला, पण अंगानं किडकिडीत. आता दुधीचं एक आहे. त्याला दोन तऱ्हेची फुलं येतात. नर फूल नुसतं लांब देठावर डोलतं. मादी फुलाच्या मागं आधीपासूनच इवलासा दुधी असतो, पण नराचा पराग मिळाला तरच तो धरतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. फुलं पांढरीशुभ्र, संध्याकाळी उमलणारी, आणि पराग पोचवायचं काम पतंगांचं. त्या वर्षी डासांसाठी धुराची गाडी गल्लीत अशी काही फिरली की डास राहिले आणि पतंग गेले. त्यातून या अशक्त वेलाला नर फुलं आधीच येऊन गळून गेली. मादी फुलं लागली तेव्हा वेलावर नर म्हणून औषधाला नव्हता. एक मादी फूल गळलं. दुसरं गळलं. मावशी सकाळी मांडवाखाली जाऊन ते पिवळे गोळे वेचायच्या आणि हातात धरून उभ्या राहायच्या.

इथं घड्याळजी येतात. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांचं. उंच, सडपातळ, आणि डोळ्याला भिंग लावून आयुष्यभर वाकल्यामुळे मान बगळ्यासारखी लांब होऊन पुढं आलेली. दुकानातली सगळी घड्याळं निरनिराळी वेळ दाखवायची आणि घड्याळजी त्यातलं सर्वांत मागे पडलेलं घड्याळ प्रमाण मानायचे. बायको ऐन तरुणपणी गेलेली, पुन्हा लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, मुहूर्त गाठता आला नसेल. राहायला मावशींच्या समोरच, वरच्या मजल्यावर. गच्चीत तेलाच्या डब्यांत त्यांनीही दुधी लावला होता, बाजारच्या बियाण्याचा, लांब.

मावशींच्या घरातलं मेकॅनिकचं जुनं भिंतीवरचं घड्याळ बघायला ते अधूनमधून यायचे. त्या दिवशी घड्याळ राहिलं बाजूला, त्यांनी मावशींना मांडवाखाली उभं पाहिलं आणि मागं आले. मग जे बोलणं झालं ते भिंतीपलीकडच्यानं ऐकलं, आणि त्याच्या कानावर नेमकं काय पडलं ते आता ध्यानात घ्या.

"नवरी तयार आहे, घड्याळजी, पण नवरा नाही."

घड्याळजींचा आवाज मुळात बारीक. ते म्हणाले होते की माझ्या गच्चीवर नर फुलं रग्गड आहेत. ते काही भिंतीपार गेलं नाही. मावशींनी सवयीप्रमाणे पक्कं करून घेतलं तेवढं गेलं.

"तुमच्याकडचा नवरा. बरोबर? पण तो वेगळ्या जातीचा."

झालं. इस्त्रीवाल्याच्या हातून त्या दिवशी एका लेंग्याला इस्त्रीचा ठसा पडला असं म्हणतात. आपल्या भाषेचाही दोष आहेच म्हणा. आपण झाडही लावतो, लग्नही लावतो, घड्याळही लावतो, आणि हे सगळं कमी पडलं तर काडी लावतो. वेलाच्या आधाराला मांडव म्हणतो आणि लग्नाच्या छपरालाही मांडव. ऐकणाऱ्यानं करायचं काय?

मावशींनी लगेच होकार दिला नाही, हे इस्त्रीवाल्यानं सांगितलं नव्हतं. ते मला नंतर कळलं. परका पराग घ्यायचा म्हणजे ह्यांची जात पुढं निखळ राहणार नाही. न घ्यायचा म्हणजे जातच राहणार नाही. मावशींनी त्यावर बरेच दिवस घालवले. तेवढ्यात आणखी एक फूल गळलं, आणि वेलाच्या शेंड्याला एकच कळी उरली. तेव्हा त्या रस्त्यातून वर बघून घड्याळजींना म्हणाल्या, आणि अर्थात सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, "उद्या दिवेलागणीला लग्न लावून टाकू. नवरा घेऊन या. आणि वेळेवर."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला इस्त्रीवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. कुणाच्याच हातात कपडे नव्हते. इस्त्रीवाला स्टुलावर, मी पालथ्या बादलीवर, आणि भिंतीला जिथं जिथं फट होती तिथं तिथं एकेक डोळा. मांडवाखाली मावशी उभ्या, हात धुतलेले, केस नीट विंचरलेले. घड्याळजी अर्थातच उशिरा आले. अंगात धुतलेला कोट, हातात लाल मखमलीची डबी. इस्त्रीवाला नुसत्या ओठांनी म्हणाला, अंगठी.

घड्याळजींनी डबी उघडली. मनगटी घड्याळाची रिकामी डबी होती ती, आणि आत मखमलीवर एक पांढरं फूल आडवं झोपवलेलं. त्यांनी आपल्या बारीक चिमट्यानं त्याच्या पाकळ्या एकेक करून काढल्या, फुलाचा गाभा उघडा केला आणि मावशींना दिला. मावशींनी शेंड्याच्या मादी फुलाची पाकळी एका बोटानं बाजूला धरली, दुसऱ्या हातानं तो गाभा अलगद आत टेकवला आणि फिरवला. भोकात दोरी खुपसावी तसा तो हात गेला, आणि जन्माच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं,

"बोला."

भिंतीच्या अलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशींनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "वार्ताहर, बादली फुटकी आहे. पडाल. दारानं या."

मी दारानं गेलो. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. आमचा तर तिथं मांडवावर धरत होता.

आणि धरलाच. आठवडाभरात तो गोळा हिरवा राहिला, फुगला, खाली गरगरीत झाला. हुबेहूब मेकॅनिकचा दुधी, बुटका, बिनमानेचा. मावशींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. घड्याळजींनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं की फळ आईच्या वळणावरच जातं, बापाचा अंमल बियांत असतो, खरं काय ते पुढच्या वर्षी दिसेल. मी म्हणालो, हे त्यांना सांगितलंत का? म्हणाले, त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक आहे. त्या दुधीला मावशींनी पांढरी वायर बांधली. लालचा धसका घेतला होता.

दुधी वाळला, खडखडला, फुटला, बी निघालं. पुढच्या पावसात वेल मांडवभर पसरले, जोमदार, रग्गड नर, रग्गड माद्या, कुणाला काही लावायची गरज पडली नाही. आणि दुधी लोंबायला लागले तशी गल्ली पुन्हा जमली. दुधी खाली गरगरीत होते, पण वरून त्यांना चांगली लांब, जराशी पुढं वाकलेली मान आली होती.

आता यावर लोक गप्प बसतील, ही अपेक्षाच चूक. इस्त्रीवाला म्हणाला, पोट मेकॅनिकचं, मान घड्याळजींची, आता तरी खरं म्हणाल की नाही? विझत आलेली अफवा पुन्हा पेटली. बिचारे घड्याळजी भर उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून हिंडू लागले, त्यामुळे तर लोकांचं लक्ष नेमकं मानेकडेच जाऊ लागलं. ते मावशींच्या दारावरून जाईनासे झाले.

मावशींनी काही दिवस त्या दुधींना हात लावला नाही. मांडवाखाली खुर्ची टाकून नुसत्या बघत बसायच्या. मी एकदा शेजारी जाऊन बसलो. चेष्टा करायची खूप इच्छा होती, पण त्यांचा चेहरा बघून जीभ आवरली. त्या म्हणाल्या, "ह्यांचा राहिला नाही."

मी म्हणालो, निम्मा तरी राहिलाय.

"निम्मा. बरोबर?"

"बरोबर."

त्या उठल्या, वेलाच्या मधला एक दुधी निवडला, त्याला वायर बांधली. बाकीचे तोडले, आणि त्यातला सर्वांत लांब मानेचा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हा समोर देऊन या. आणि सांगा, मफलर काढा. लाइन तुटली नाही, आवाज तेवढा बदलला. ट्रंककॉलला तर तो नेहमीच बदलायचा."

घड्याळजींनी दुधी घेतला. मफलर त्यांनी दुसऱ्या दिवशी काढला, म्हणजे नेहमीप्रमाणे उशिरा. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी मांडवाखाली येऊन बसतात. कुणी घेवड्याच्या शेंगा सोलतं, कुणी झेंडूची वाळलेली फुलं चुरून बी काढतं. मेकॅनिकचं भिंतीवरचं घड्याळ अजून दुरुस्त झालेलं नाही. ते होईल, असं मला वाटत नाही.

गेल्या थंडीत मावशी बियांचा दुधी फोडत होत्या. मी बी निवडायला बसलो होतो, म्हणजे खरं तर दुसरंच काही निवडायला बसलो होतो. शेवटी राहवेना, विचारलंच.

"मावशी, घड्याळजींनी तुम्हाला कधी विचारलं का हो?"

"काय?"

"तेच."

"विचारलं. दुधी पाठवला, त्याच हिवाळ्यात."

"मग?"

"दुधीला नवरा हवा होता, वार्ताहर. मला नको होता." बोटांनी बियांचा गर पुसत त्या म्हणाल्या, "आणि ही पोकळ बी तुम्ही चांगल्यात टाकताय. वेगळी काढा."

तर त्या अफवेतलं खरं एवढंच. मांडव दुधीचा होता. डबीत फूल होतं. घड्याळजींनी लग्नाचं विचारलं ते अफवेनंतर, आणि मावशींनी नाही म्हटलं.